खुर्चीवरचा कोट

इयन ऑल्डरसन आमच्याच खोऱ्यातला. बाप विल्फ तिकडं उत्तरेला, स्वेलडेलात, मेंढ्या राखून म्हातारा झाला, पोरगा लंडनात वकील झाला. त्याच्याच कचेरीत खालच्या मजल्यावर मी कामाला. जिन्यात गाठ पडली की आम्ही खोऱ्याच्या बोलीत बोलायचो. बाकीचे कान टवकारायचे, टवकारू देत.

त्या कचेरीत "कसा आहेस?" विचारल्यावर "बरा आहे" म्हणणारा माणूस संशयितच. "मरायला सवड नाही" म्हणायचं, तेही जत्रेत आपल्या मेंढ्याला बक्षीस लागल्यागत तोंड करून. कुणी कुणाला बसवून ठेवत नव्हतं, पण आधी उठणाऱ्याच्या पाठीला सगळ्यांचे डोळे चिकटायचे. म्हणून जो तो खुर्चीवर एक जादा कोट टांगून ठेवायचा. कोट दिसला की माणूस इथंच आहे, कुठल्यातरी बैठकीत आहे, असं धरायचं.

त्या वसंतात विल्फची छाती कफानं भरली, नॉर्थअ‍ॅलर्टनच्या लहान हॉस्पिटलात पडला. इयनची बहीण हिलरी रोज फोन करायची.

"कवा जातूस?" मी जिन्यात विचारलं.

"ह्यो सौदा उरकला की."

"मागल्या आठवड्यात बी ह्येच म्हनलास. म्हातारा तुझ्या सौद्यासाठी थांबतुय व्हय रं?"

"तुला काय जातंय बोलाया! कंपन्या इकत घ्यायच्यात, लोकर न्हाई कातरायची."

"लोकर कातराया निदान हात लागत्यात. तुमचं नुसतं तोंड चालतं."

तो हसला नाही. "बा फोनवर म्हनला, 'पोरा, येकदा तोंड दाखवून जा.' जन्मात कवा काय मागितलं न्हाई रं त्येनं."

मग त्यानं इमोजेनबाईंना विचारलं. बाई त्याच्या वरिष्ठ, तशा वाईट नव्हत्या. "अरे, जा की! वडील आधी," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "फक्त तुझ्या वाटणीचं कोण बघेल, तेवढं सांगून जा." बघणार कोण? जो तो गळ्यापर्यंत बुडालेला. इयन परत खुर्चीत बसला.

गुरुवारी हिलरी म्हणाली, "आजच ये. उद्याचं मी न्हाई सांगू शकत."

दुपारी तो उठला. नुसत्या कोटावर आता कुणाचा विश्वास राहिला नव्हता. म्हणून त्यानं शेजारी अर्धी प्यालेली कॉफी ठेवली, चष्मा ठेवला, आणि फोनही टेबलावर टाकला. फोन सोडून वकील कुठं जात नाही, हे लंडनात शेंबडं पोरही जाणतं. मागच्या दारानं बाहेर पडला नि उत्तरेची गाडी पकडली.

तो गाडीत असतानाच विल्फचं जास्त झालं. त्याला मिडल्सबरोच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. हिलरी फोन लावत राहिली. इकडं कचेरीत इयनच्या शेजारी बसणाऱ्या टेसाला टेबलावरच्या फोनच्या थरथरीचा वैताग आला. इयन बैठकीत असेल म्हणून तिनं फोन त्याच्याच कोटाच्या खिशात कोंबला.

नॉर्थअ‍ॅलर्टनला उतरून इयन धावत वॉर्डात गेला. खाट रिकामी, चादर बदललेली. त्यानं नर्सला गाठलं. मिडल्सबरोला हलवलंय, असं तिनं सांगितलं. हिलरीला फोन करावा, तर नंबर पाठ नाही. सगळे नंबर लंडनात खुर्चीला टांगलेले. टॅक्सीनं मिडल्सबरो गाठेस्तोवर विल्फ गेला होता.

"कुठं व्हतास रं दादा?" हिलरी म्हणाली. "बा सारखा दाराकडं बघत व्हता."

"वाटंत व्हतो."

"आन् फोन?"

"कचेरीत."



शुक्रवारी सौद्याच्या सह्या होत्या. पहाटेच्या गाडीनं तो परत आला आणि दफनासाठी रजा मागायला बाईंकडं गेला.

"कधी गेले?"

"काल संध्याकाळी."

"काल?" बाईंचे डोळे भरले. "आणि तू इथं बसून होतास! मी निघाले तेव्हा तुझा कोट होता खुर्चीवर. अरे, निदान बोलायचंस तरी!"

सगळा मजला त्याच्याकडं बघत होता. टेसानं त्याचा हात धरला. इयन म्हणाला, "हो. इथंच होतो."

जिन्यात त्यानं मला हे सगळं सांगितलं. दाढी केली नव्हती, खुर्चीवरचा कोट हातात.

"खरं सांगून टाक की त्यास्नी," मी म्हणालो.

"काय सांगू? हितं बी नव्हतो, तिथं बी नव्हतो."

वरून टेसानं हाक मारली, "इयन, सह्यांना बोलावतायत!"

त्यानं कोट अंगात चढवला आणि सह्यांना वर गेला.