बटणाची परीक्षा

सून डबे भरत होती, मुलगा बुटांच्या नाड्या बांधत होता आणि काजबाई चहा कोमट व्हायची वाट पाहत बसल्या होत्या. गरम कप हातातून कधी निसटतो ते हल्ली त्यांना कळत नसे. तेवढ्यात दार वाजलं.

खालच्या दुकानातले शिंपीमास्तर होते. गुडघे कुरकुरत, म्हणून एरवी खालूनच हाक मारणारा माणूस आज जिना चढून आला होता. त्यांनी टेबलावर पांढरा कोट पसरला. काजांचे टाके नेहमीसारखे, मुंग्यांच्या रांगेसारखे नेटके. फक्त प्रत्येक काजाशेजारी एक तपकिरी ठिपका.

"बाई, सुई टोचलेली कळत नाही का तुम्हाला?" मास्तरांनी हळूच विचारलं.

मुलगा नाडी तशीच सोडून उभा राहिला.

बाईंनी उभा जन्म शिंप्यांसाठी काजं केली, म्हणून नावच काजबाई पडलं. मशीन आलं, तरी त्या हटल्या नाहीत. मशीनचं काज म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक, हाताचं काज म्हणजे खिडकी, असं त्यांचं म्हणणं. नवरा गेल्यावर याच बोटांनी घर चालवलं. मग रक्ताचा कर्करोग निघाला, हाडांच्या आतल्या मज्जेत दडून बसणारा. इंजेक्शनांनी तो मागे हटला, पण बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या.

इथे डॉक्टरांत दोन मतं पडली. धाकट्या डॉक्टरीणबाई म्हणत, या वयात डोस कमी केला तरी रोग बऱ्यापैकी आवरतो आणि नसा वाचतात. मोठे डॉक्टर म्हणत, शत्रू पळत असताना आपण बसायचं नसतं. मुलगा मोठ्यांच्या बाजूचा. अर्धं औषध म्हणजे अर्धी आई, हे त्याचं गणित.

शेवटी तोडगा निघाला. दर खेपेला बाईंनी सदऱ्याचं बटण लावून दाखवायचं. बोटं अडखळली, तर डोस कमी. बाईंनी डोळ्याचं पातं लवायच्या आत बटण लावलं. दर खेपेला. मोठे डॉक्टर हसून म्हणत, यांची बोटं तर आमच्यापेक्षा धड आहेत. बाईही जरा फुशारत. ते हात झोपेतसुद्धा बटण लावतील, त्यांना बोटांची शुद्ध कशाला हवी? परीक्षेत नापास होण्यातच आपलं भलं आहे, हे बाईंच्या गावीही नव्हतं. घरी कप फुटला की दोष साबणाचा. आणि धाकट्या डॉक्टरीणबाईंनी काही विचारलं, की उत्तर मुलगाच देई: आई ठणठणीत आहे.

मास्तर गेल्यावर तो म्हणाला, हिने सांगायचं नाही का? डब्याचं झाकण लावता लावता सून म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी?"

त्याच दिवशी इंजेक्शनाची खेप होती. कोटाची हकिगत ऐकून धाकट्या डॉक्टरीणबाईंनी बाईंना डोळे मिटायला सांगितलं, टाचणी लागली की सांगा म्हणाल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. बाई वाट पाहत राहिल्या.

"लावा ना टाचणी," त्या म्हणाल्या.

"लावली, आजी."

मोठ्या डॉक्टरांनी डोस कमी केला. म्हणाले, गेलेली जाणीव परत येईल किंवा येणारही नाही, आता सांगता येत नाही. रक्ताचे रिपोर्ट मात्र उत्तम आहेत. मुलाच्या तोंडून सवयीनं थँक्यू निघून गेलं. कशाबद्दल, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

परतताना मास्तर दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी नजर चुकवत सांगितलं, की डाग धुऊन निघालेत, गिऱ्हाइकाला पत्ता लागणार नाही, पण बाईंनी आता आराम करावा. मुलगा लगेच म्हणाला, तेच मी म्हणतोय.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मुलाचा हात सोडून त्या पायरीपाशी थांबल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "यापुढे मला काळं कापड तेवढं पाठवत जा."