श्वासावर बदलणारा उजेड

शाळेच्या प्रार्थनेसाठी पेटीचा भाता नुकताच उघडला होता, तेवढ्यात अकोल्याहून विलासभाऊंचा फोन आला. विलासभाऊ म्हणजे माझी मैत्रीण कुंदा हिचे यजमान. एरवी ते आधी माझी, मग घरच्यांची, मग अमरावतीच्या उन्हाची चौकशी करतात. त्या दिवशी म्हणाले, "सुमनताई, कुंदा गेली. चहा घेतला अन् खुर्चीतच..." मी फोन ठेवला. समोर मुलं रांगेत उभी होती. मी सूर धरला, प्रार्थना शेवटच्या ओळीपर्यंत नेली, आणि मुख्याध्यापकांना सांगून बडनेऱ्याला गाडी धरायला निघाले. अशी बातमी ऐकून प्रार्थना कशी काय घेतली, असं नंतर एकीने विचारलं. काय सांगणार? कुंदाबरोबर इतकी वर्षं काम केल्यावर सुरू झालेलं गाणं मधेच सोडवत नाही.

तेरावं झाल्यावर अकोल्यात शोकसभा झाली. मला शेवटी भजन म्हणायचं होतं. त्याआधी एक प्रतिष्ठित गृहस्थ बोलायला उठले. बाई फार हुशार होत्या, म्हणाले, मुंबई-पुण्यात असत्या तर कुठल्या कुठे गेल्या असत्या, इथे राहून वाया गेल्या. सभेतल्या माना हलल्या. माझी हलली नाही. भजनासाठी उभी राहिले आणि आधी बोलले... ती वाया गेली नाही, तिने इथलं काम निवडलं होतं, आणि या सभेतल्या किती जणांनी तिचं काम डोळे उघडे ठेवून पाहिलं ते हात वर करून सांगा, असं मी विचारलं. शोकसभेत असं विचारत नाहीत, हे मला कळतं. विलासभाऊंनी मान खाली घातली होती, पण ते हसत होते, हे मी पाहिलं. तिथे अर्धवट राहिलेलं बोलणं इथे पूर्ण करते आहे.

कुंदा हिवरखेडची. घरी काळी कसदार शेती, वडील शब्दाचे पक्के. मुलीने बी.एड. करावं आणि मास्तरीण व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं. ही अकोल्याला आली आणि इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून बसली. वडिलांनी तीन महिने अबोला धरला. लग्नानंतर विलासभाऊ कॉलेजात शिकवायला जात आणि ही घरच्या पुढच्या खोलीत लोकांचे इन्व्हर्टर, टीव्ही, बंद पडलेले एलईडी बल्ब दुरुस्त करी. बाई दुरुस्ती करते म्हटल्यावर आधी लोक बघायला येत, मग वस्तू घेऊन येऊ लागले.

आमची ओळख झाली ती भांडणातून. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. अकोल्यात माझा भावगीतांचा आणि अभंगांचा कार्यक्रम होता. डेकोरेशनवाल्याने मागे लाल-हिरव्या लाइटी लावल्या होत्या, त्या लग्नाच्या मांडवासारख्या पळत होत्या. कार्यक्रम संपल्यावर एक ठेंगणी, जाड चष्म्याची बाई विंगेत आली. मला वाटलं, कौतुक करायला आली.

"तू चांगली गाते," ती म्हणाली, "पण त्या लाइटीनं तुले गाऊच देल्लं नाही. अन् तू सहन काहून केलं?"

मी चिडले. लाइटी मी लावल्या नव्हत्या, असं म्हटलं. ती म्हणाली की गाणं तर तुझं होतं. मला रात्रभर राग आला, आणि सकाळी मीच तिचा नंबर शोधून काढला.

पुढच्या कार्यक्रमासाठी तिने दिव्यांच्या पहिल्या चार पट्ट्या घरी बनवल्या. स्लायडिंगच्या खिडक्या बनवणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनल कापून आणल्या, त्यात एलईडीच्या पट्ट्या चिकटवल्या, वर दुधी अ‍ॅक्रिलिक. बाजारात तयार दिवे मिळत होते, पण तिला हवा तो रंग त्यात नव्हता. तिला हवं होतं ते संध्याकाळी ज्वारीच्या कडब्यावर पडतं तसं ऊन. ती मला एकदा हिवरखेडच्या शेतावर घेऊन गेली. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात पट्टीचे तीन तुकडे, आणि सूर्य मावळेपर्यंत एकेक तुकडा बॅटरीवर पेटवून कडब्यापुढे धरून पाहत होती. शेजारच्या शेतातला माणूस काम सोडून बघत राहिला. तिला त्याचं काही नव्हतं. अंधार पडता पडता तिने दोन तुकडे खिशात टाकले, तिसरा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "हा."

पण रंग सापडला तरी काम संपत नव्हतं. जुना दिवा कमी करत नेला की हळूहळू मावळतो. एलईडी तसं करत नाही, शेवटी शेवटी झटके देते आणि पटकन बंद होते. सुराच्या शेवटी असा झटका बसला की ऐकणाऱ्याचं लक्ष तुटतं. तो शेवटचा उतार गुळगुळीत करायला कुंदाने दोन वर्षं घालवली. सर्किटं बनवायची, जाळायची, पुन्हा बनवायची. आणि उजेड कधी बदलायचा, याचं तिचं स्वतःचं गणित होतं. गाण्याचे शब्द ती वहीत डाव्या पानावर लिहून घेई आणि मला विचारी, "श्वास कोठी घेते तू?" मी सांगेन तिथे उजव्या पानावर खूण करी. उजेड शब्दावर नाही, श्वासावर बदलला पाहिजे, हा तिचा नियम. तो नियम तिला कोणी शिकवला नव्हता. पहिल्यांदा तसा उजेड अंगावर आला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी पाठीवर हात ठेवला आहे.

नाव होऊ लागलं. अमरावतीच्या एका मोठ्या समितीने वार्षिक संगीत महोत्सवाची प्रकाशयोजना तिला दिली. दुसऱ्या दिवशी माझं गाणं होतं. मुख्य पाहुणे उशिरा आले, मी मध्यावर होते. समितीचे एक पदाधिकारी धावत मंचाच्या कडेला कुंदाच्या दिव्यांच्या बोर्डाशी गेले आणि सगळ्या लाइटी दारावर मारा, साहेबांचं स्वागत करायचं आहे, म्हणाले. तिने नकार दिला. ते बोर्डाला हात लावू लागले तशी ती बोर्ड आणि ते यांच्या मध्ये उभी राहिली. हे मला मंचावरून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. काय बोलली ते नंतर विलासभाऊंनी सांगितलं, ते तिथेच बसले होते. ती एवढंच म्हणाली, "गाणं सुरू हाये. माह्या उजेडात पाहुणे आत येत नाहीत. गाणं संपू द्या, मंग मी सूर्य उगवून देतो म्हणा त्यायले." पाहुणे अंधारात, कोणाच्या तरी मोबाइलच्या टॉर्चवर खुर्चीपर्यंत गेले. माझ्या गाण्यावरचा उजेड तसूभर हलला नाही.

त्याची किंमत तिला द्यावी लागली. समितीने पुढच्या वर्षापासून तिला बोलावणं बंद केलं, आणि त्यांचं पाहून इतरांनीही. बाई उर्मट आहेत, असं पसरलं. काहींनी मलाही सुचवलं की दुसरा माणूस घे, तुझे कार्यक्रम का बुडवतेस. मी तिला सोडलं नाही, यात माझं मोठेपण काही नाही. तो उजेड एकदा अंगावर घेतल्यावर पळत्या लाइटींत गाणं मला शक्यच नव्हतं. आम्ही दोघींनी ठरवलं की शहरातले हॉल नसतील तर नसोत. तिवसा, बाळापूर, जिथे शाळेचं मैदान आणि ऐकणारी माणसं मिळतील तिथे गेलो. पट्ट्या एसटीच्या टपावर बांधून नेल्या आहेत. वाहक भांडत, ती त्यांच्याशी भांडे.

त्याच काळात हिवरखेडला कार्यक्रम ठरला. तिच्या स्वतःच्या गावात पहिलाच. वडील पहिल्या रांगेत येऊन बसले होते, हाताची घडी घालून. लेकीचा एकही कार्यक्रम त्यांनी तोवर पाहिला नव्हता. दुसरा अभंग सुरू झाला आणि गावाची वीज गेली. भाड्याचं जनरेटर आणलं होतं, ते सुरूच होईना. माणसं चपला शोधू लागली. कुंदाने अंधारातून ओरडून विचारलं, ट्रॅक्टर कोणाकोणाचे आहेत. तिच्या पट्ट्या बारा व्होल्टवर चालत, आणि ट्रॅक्टरची बॅटरीही बारा व्होल्टची. मग पहिल्या रांगेतून तिचे वडील उठले. घर मैदानाच्या मागेच होतं. दहा मिनिटांत ते स्वतः पाना घेऊन बॅटरी सोडवून आले, सत्तरीचा माणूस, ते वजन छातीशी धरून. ती मंचावर ठेवली, धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "कोणती तार कोठी लावू, सांग."

कुंदाने सांगितलं. त्यांनी लावली. पाठोपाठ आणखी दोन बॅटऱ्या आल्या. माइक बंदच होता, नुसत्या गळ्याने गायले. पेटी, तबला आणि तो कडब्यावरच्या उन्हाचा रंग. एवढं मोठं मैदान, पण मागच्या माणसाचा खोकलाही ऐकू येत होता. कुंदा मात्र बोर्डावर वाकून होती, डोळे पुसायलाही तिचा हात रिकामा नव्हता.

पुण्याहून तिला दोनदा बोलावणं आलं, पगारी काम, मोठे कलाकार. दोन्ही वेळा मी तिच्या घरी होते. दुसऱ्या वेळी मीच जा म्हणून मागे लागले. ती म्हणाली, "तिकडे लाइटवाले भल्ले हायेत, शंभर मिळतीन. इकडे मी गेली तं हे लोक पुन्हा पळत्या लाइटी लावतीन." विषय संपला. ज्यांना ती इथे अडकली असं वाटतं, त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

पुढे मूत्रपिंडं बिघडली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, एकेका वेळी चार तास. डायलिसिसच्या सुयांसाठी डाव्या हातावर शस्त्रक्रिया झाली, त्या हाताने वजन उचलायचं नाही, अशी सक्त ताकीद. तिने चॅनल हलक्या केल्या, शिडीवर चढायला दोन मुली तयार केल्या, आणि कार्यक्रमांच्या तारखा डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी घ्यायला लावल्या. डॉक्टर रागावत. विलासभाऊ मला फोन करून सांगत की तुमचं तरी ऐकेल. ती माझं कधी ऐकत होती? गुडघ्यावर वही ठेवून, मोकळ्या उजव्या हाताने ती यंत्राला जोडलेली असतानाच खुणा करी, आणि मला फोन करून श्वास विचारी. जाण्याच्या चार महिने आधी अमरावतीत आमचा शेवटचा कार्यक्रम झाला. माझाही दम आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. एका लांब ओळीत मी ठरल्यापेक्षा आधीच श्वास घेतला, आणि उजेड तिथेच, माझ्याबरोबर बदलला. नंतर मी विचारलं, वहीत तर खूण पुढे होती, मग? ती म्हणाली, "वही पाहून कोण करते? तुही पाठ पाहून करतो मी."

या आजारपणात तिचं एक भांडण शेवटपर्यंत सुरू होतं, ते इस्पितळाशी. डायलिसिसच्या खोलीत माणसं चार तास आढ्याकडे बघत पडलेली असतात आणि वर नेमकी डोळ्यांत घुसणारी पांढरी ट्यूबलाइट. तिने सांगितलं, कोणी लक्ष दिलं नाही. मग ती दर वेळी डोळ्यांवर ओढणी बांधून झोपू लागली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं की मोठ्याने कारण सांगू लागली. शेजारच्या खाटांवरच्या दोघांनी डोळ्यांवर रुमाल बांधले. शेवटी व्यवस्थापक कंटाळले आणि एका बाजूच्या चार खाटांपुरती परवानगी दिली. तिने भिंतीच्या वरच्या कडेला चार आडव्या चॅनल बसवून घेतल्या. उजेड आढ्यावर पडतो आणि तिथून खाली उतरतो, मऊ होऊन.

परवा विलासभाऊंबरोबर तिचे कागद आणायला तिथे गेले. चारपैकी एक चॅनल बंद पडली होती. इलेक्ट्रिशियन शिडीवर होता आणि खाली नवी ट्यूबलाइट तयार ठेवलेली. मी म्हटलं, आधी उघडून तर बघा, वायर सुटली असेल. त्याने कुरकुरत अ‍ॅक्रिलिकचं झाकण सरकवलं, आत डोकावला आणि थांबला. मग खालच्या खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे पाहत त्याने चॅनलच्या आत काळ्या मार्करने लिहिलेलं मोठ्याने वाचलं, "इथं ट्यूबलाइट लावसान तं माह्याशी गाठ हाये."

कोणी लिवलं हे, म्हाताऱ्याने मला विचारलं. याच खाटेवर दोन वर्षं झोपणाऱ्या बाईने, मी सांगितलं. तो वरच्या उजेडाकडे बघत इलेक्ट्रिशियनला म्हणाला, "मंग नोको लावू बाप्पा. तारच जोड."

त्याने तार जोडली. झाकण लावण्याआधी फडक्याने आतली धूळ पुसली, अक्षरं सांभाळून.