दोन तास चाळीस मिनिटं

माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या साळूबाई कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. दूधवाल्याने माप ओतलं की पातेलं उजेडात धरून बघतात. माधवनगरच्या एका गिरणीत त्यांनी एकोणीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या. फाटकावरचं घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवून बायकांची हजेरी कापतात, हे त्यांनीच पकडलं होतं. गिरणी बंद पडली, तरी मनगटावरचं घड्याळ त्यांनी सोडलं नाही.

मंगळवारी त्यांचा रोहन नोकरीसाठी मस्कतला निघाला. मुंबईहून विमान सकाळी दहा दहाला. तिकिटाचा फोटो त्याने माझ्या फोनवर पाठवला होता, कारण साळूबाईंचा फोन साधा. अकरा चाळीसला माझ्याच फोनवर तो बोलला, "आई, उतरलो गं आत्ताच." मी सवयीने वेळ डायरीत लिहिली.

"दीड तासात?" साळूबाई म्हणाल्या. "आमच्या म्हायेराला, साताऱ्याला जायला एसटी अडीच तास घेती."

"विमान आहे ते. आणि तिकिटावर पोचायची वेळ अकरा वीसच आहे."

"छापणारा काय, कायबी छापंल. आवं, किती लांब हाय ते तरी बघा."

फोनवर शोधलं. दोन विमानतळांमधलं अंतर साधारण पंधराशे साठ किलोमीटर, वेळ दोन तास चाळीस मिनिटं. तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. तिकिटावरची पोचायची वेळ मस्कतच्या घड्याळाची, आणि ते आपल्या दीड तास मागे. आपल्या घड्याळात विमान उतरणार एकला दहा कमी असताना. रोहनचा फोन आला तेव्हा ते समुद्रावर असायला हवं होतं.

साळूबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "म्हंजी पोरगं बसलंच न्हाई त्यात. कुणी डांबलंय का काय त्याला?"

चारपर्यंत त्याचा फोन लागला नाही. लागला तेव्हा मी स्पीकर लावला, तर साळूबाईंनी माझ्या हातून ओढूनच घेतला.

"रोहन, तितं किती वाजलं रं?"

"चार वाजलं की."

माझ्या भिंतीवरही चारच. मस्कतला अडीच वाजायला हवे होते.

"आता खरं बोल. कुठं हायस?"

मग तो म्हणाला, "मुंबईतच हाय, लॉजवर. एजंटाचा व्हिसा खोटा निघाला, आत सोडलंच न्हाई. चौकात लोकांनी हार घातलं, आता कुठल्या तोंडानं येऊ?"

"हाय त्याच तोंडानं. हार काय, बकऱ्यालाबी घालत्यात."

तो हसला की रडला, मला कळलं नाही. "येतो उद्या," म्हणाला.

"आदी लॉजच्या पाटीचा फोटो पाठीव. पाटीखाली तूबी हुबा ऱ्हा."

फोटो आला. मी पाटी दोनदा वाचून दाखवली, पत्ता कागदावर लिहून दिला. त्यांनी मुलाचा चेहरा बोटांनी मोठा करून न्याहाळला.

"ह्यो आजचाच कशावरनं?" म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन संध्याकाळची मुंबईची एसटी गाठायला निघाल्या.