गालावरची पाच बोटं

दासगावहून मावसभावाचा फोन आला, "आई गेली रे..." त्याला आता तीन आठवडे झाले. मी मुंबईला डॉक्टरकीच्या मुलांना शरीररचना शिकवतो. तेव्हापासून चेहऱ्याच्या नसेचा पाठ मी पुढे ढकलतोय.

डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला मी याच विषयात सपशेल आपटलो होतो आणि तोंड लपवायला दासगावला मावशीकडे गेलो होतो. चुलीपुढे बसल्या बसल्या ती म्हणाली, "माझं थोबाड हाय ना? काढ त्याच्यावर!" आणि काजळाची डबी पुढे केली. कानापुढून निघालेल्या पाच फांद्या मी तिच्या डाव्या गालावर काढल्या. एक कपाळाकडे, एक डोळ्याकडे, एक गाला-ओठांकडे, एक हनुवटीकडे, शेवटची मानेवर. फांदीचं नाव घेतलं की ती तो भाग हलवून दाखवायची. आठ्या घालायची, डोळा मिटायची, गाल फुगवायची. तेवढ्यात शेजारीण डोकावली. "अगो बाय, कोनी हाणलं गो?" मावशी हसून हसून लोळली. मी मात्र पास झालो.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी तिचा फोन आला. बोलणं बोबडं. "चूल पेटंना रे. फुंकणीत वारा जात नाय, ओठाच्या कोपऱ्यातनं निसटतो. तोंड वाकडं झालंय." अर्धांगाचा झटका! गाडी काढा, महाडला न्या, असा मी ओरडत सुटलो. फोनवर मागून बायकांचा गलका ऐकू येत होता, अंगावरनं वारं गेलंय, पोलादपूरकडे एक जण तापल्या सळईचा डाग देतो, तिथं चला. मावशी म्हणाली, "गप रे. आरशात बघितलंय मी. त्या बाजूच्या कपाळाला आठीपन पडत नाय. हातपाय धड हायत. तूच सांगितलं व्हतंस ना, डोक्यातला झटका असंल तर कपाळ वाचतं म्हणून? ही नसच रुसलीय." मी एवढा शिकवणारा, आणि मला ते सुचलं नव्हतं! खरंच लाज वाटली. महाडच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं, गोळ्या दिल्या. डाग काही तिने देऊ दिला नाही.

संध्याकाळी फोनवर तिने एवढंच विचारलं, "हसू येईल ना रे परत?" मी छातीठोकपणे हो म्हणालो. ठाऊक काहीच नव्हतं...

हसू आलं. पण नस भरून येताना फांद्यांची वाट चुकली, आणि मावशी हसली की डावा डोळा आपोआप मिटायचा. "लोकांना वाटतं म्हातारी डोळा मारते," ती म्हणायची, आणि पुन्हा हसायची, पुन्हा डोळा मिटायचा. ते हसू मला फार आवडायचं. तिला कधी सांगितलं नाही.

बाराव्याला गेलो तेव्हा सकाळी अंघोळीचं पाणी तापवायला चुलीपुढे बसलो. फुंकणी तिच्या जागी, भिंतीला टेकून होती. तोंडाला लावली, गाल फुगवले... ओठ थरथरायला लागले आणि सगळा वारा कोपऱ्यातून निसटून गेला. माझी नस तर चांगली ठणठणीत आहे.