थोरल्या वाफ्याचं मीठ

बार्शीहून रात्रीच्या एसटीने निघाले तेव्हा पिशवीत शेंगाचटणी होती आणि अंगात विनाकारण रुबाब. प्रणालीच्या सरकारी संशोधन शिष्यवृत्तीच्या अर्जाला शिफारसपत्र मी लिहिलं होतं. विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक असताना ही उरणकडची पोर मिठाच्या पाण्याची बाटली घेऊन आली होती, आणि मी विचारलेल्या प्रश्नांपेक्षा तिनेच मला जास्त प्रश्न विचारले होते. शिष्यवृत्तीची दोन वर्षं संपत आली होती. आठ दिवसांनी समिती तिचं काम पाहून पुढची वर्षं द्यायची की नाही ते ठरवणार होती. समिती नाही म्हणाली, तर बंदराजवळच्या गोदामात तिच्यासाठी नोकरी तयार होती. "मॅडम, शेवटचे नमुने काढणार आहे, या ना," असा फोन आला आणि मी निघाले.

पनवेलला उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. स्टँडबाहेर चहा घेतला आणि एक रिक्षा ठरवली. चालक उमरभाई पनवेलचेच. मिठागर बघायला चाललेय म्हटल्यावर ते आरशातून माझ्याकडे बघत राहिले. "खाला, लोग इधर प्लॉट देखने आते हैं. तुम्ही मीठ बघायला आलात?" नशीब, हसले तरी. चिरनेर मागे पडलं, डोंगर बाजूला सरले आणि खाडीचा खारट वास नाकात शिरला.

मिठागर मी चित्रातच पाहिलं होतं. प्रत्यक्षात ते आरशांचं शेत वाटलं. काही वाफ्यांतलं पाणी चक्क गुलाबी होतं. "तो रंग माझ्या जिवांचा," मला न्यायला आलेली प्रणाली म्हणाली. कडक मिठात जगणारे सूक्ष्मजीव, हा तिचा विषय. त्यासाठी तिने एक वाफा, घरात ज्याला 'थोरला' म्हणतात तो, हंगामभर न हलवता राखला होता. थर जसे बसले तसेच तिला हवे होते.

बांधावरून वळलो आणि ती थांबली. थोरला वाफा रिकामा होता, ताटासारखा लख्ख. शेजारी मिठाचा मोठा ढीग, आणि ढिगापाशी लांब दांड्याचं फावडं घेऊन तिचे वडील हिराजीभाऊ उभे, हसतमुख.

"या म्याडम! तुमी येनार म्हनून पाटेच ओढून काढला सगला. तयार मीठ वाफ्यात पडून ऱ्हायला तं पावन्यांसमोर आमची काय इज्जत?"

चार महिने या माणसाने त्या वाफ्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. मी येणार कळलं आणि जन्माची सवय आड आली. मला त्यांचा राग आला, आणि लगेच स्वतःचाही. मी आलेच नसते तर वाफा तसाच राहिला असता.

प्रणाली ओरडली नाही. बांधावर बसली आणि म्हणाली, "बाबा, तेच तर दाखवायचं होतं." हिराजीभाऊंचं हसू मावळलं. त्यांनी फावडं हळूच खाली ठेवलं.

घरी जेवायला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (चिखलात उड्या मारणारे मासे) कालवण होतं. कालवण फर्मास, पण कुणाच्या तोंडाकडे बघवेना. नजर इकडेतिकडे फिरवताना देव्हाऱ्याखालच्या फळीवर काचेच्या बाटल्यांची रांग दिसली. प्रत्येकीत मीठ, प्रत्येकीवर सालाची चिठ्ठी.

"हे काय?" मी विचारलं.

"दर साली थोरल्या वाफ्याचा पैला मीठ देवाला," हिराजीभाऊ म्हणाले. "माज्या बापापासून. ते कोन खात नाय."

प्रणालीच्या हातातला घास तसाच राहिला. जन्मापासून ती त्या बाटल्या बघत होती. "बाबा, मिठाच्या खड्यात पाण्याचा थेंब अडकतो. त्यात हे जीव वर्षानुवर्षं तग धरू शकतात."

"म्हंजी देवाच्या मिठात जीव हाय?"

"असेल. बघावं लागेल."

देवाचं मीठ मागायला तिची जीभ रेटेना, आणि मला तर तोंडच नव्हतं. मग हिराजीभाऊ उठले, हात धुतले, देवाला नमस्कार केला आणि एकेक बाटली खाली उतरवली. "अर्धा देवाचा ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "अर्धा तुज्या सरकारचा."

संध्याकाळी निघताना त्यांनी ढिगातलं पिशवीभर मीठ माझ्या हाती दिलं. माझ्याकडे बघणं टाळत होते.

समितीसमोर प्रणालीने सगळं खरं सांगितलं. त्यांनी सहा महिने दिले. देवाच्या मिठातून काही उगवलं तर शिष्यवृत्ती पुढे, नाहीतर बंद. सरकारला मी आयुष्यभर नावं ठेवली आहेत, पण त्या दिवशी मनापासून बरं वाटलं.

बार्शीत परतल्यावर फोन वाजला की मी धावायचे. दोन-अडीच महिन्यांनी वाजला तो हिराजीभाऊंचा.

"म्याडम, पोरीच्या काचेच्या बशीत गुलाबी ठिपकं आलं. तिच्या जल्माच्या सालचा मीठ हाय ते." मग म्हणाले, "जिता हाय वो अजून."

त्यांनी दिलेलं थोरल्या वाफ्याचं मीठ माझ्या स्वयंपाकघरात बरणीत आहे. आमटीसाठी मी वाण्याकडून दुसरं आणते.