पेणला निघालेल्या सासूबाई

मंडळाच्या भगिनींनो, आभार आजच्या आजच मानायला हवेत, म्हणून हा फलक लिहीत आहे.

सकाळी सासूबाईंना पेणच्या एस.टी.त बसवायला पनवेलच्या नाक्यावर गेले. त्यांना वाचता येत नाही. वडाखाली लागते ती पेणची गाडी, एवढंच त्यांना पक्कं ठाऊक. मी पाणी भरून आणेपर्यंत त्या वडाखालच्या गाडीत बसून निघूनही गेल्या. आज तिथे पुण्याची गाडी लागली होती, आणि पुण्यात त्यांच्या ओळखीचं कुणी नाही.

मी ओरडत रस्त्यावर धावले. काकड्या विकणारी सुकापूरची बाई म्हणाली, “घाबरू नका बाय. घाट चढायच्या आदी खोपोलीला गारी थांबून पानी पिते. तुमची म्हातारी काय घाट चढत नाय.”

तिने पुण्याकडे निघालेला ट्रक थांबवून, म्हातारीला खोपोलीला उतरवून परत पाठवायचा निरोप ड्रायव्हरकडे दिला. दुपारी पनवेलकडे येणाऱ्या दुसऱ्या ट्रकमधून सासूबाई उतरल्या.

“बगून घ्या नीट. मंग तक्रार नाय पायजे,” काकडीवाली धनाबाय म्हणाली. तिचं नाव मला आजच कळलं. तुमच्यापैकी कितीजणींना ठाऊक होतं?

मिळाल्याची नोंद: सासूबाई सुखरूप, काठी शाबूत, लेकीसाठी नेलेला लाडवांचा डबा रिकामा. लाडू ट्रकवाल्यांना दिले, आणि ते योग्यच झालं.