परतीचे अंक

जी वस्तू फुकट वाटतात, ती चोरीला जाते असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल ना? शाईताईच्या तोंडावरही लोक असेच हसले.

शाईताई म्हणजे आपल्या शहरातल्या फुकट साप्ताहिकाचे गठ्ठे वाटणारी बाई. बोटं कायम काळी, म्हणून हे नाव पडलं. सलूनच्या दारात, दवाखान्यात, लॉन्ड्रीत अंक ठेवायच्या मांडण्या तिनेच भांडभांडून बसवून घेतल्या. साप्ताहिक एका खोलीतून निघायचं तेव्हापासून ती तिथे आहे. आता त्यांचा इंटरनेट रेडिओ आहे, गाण्याच्या मैफली होतात, संपादकाच्या केबिनला काचेचं दार आलं. आपण जवळ गेलो की आतलं बोलणं थांबतं, हे ताईला केव्हापासून खटकत होतं.

या आठवड्यात पहिल्या पानावर तिच्याच गल्लीची बातमी आली. जुना बाजार आणि मागची घरं पाडून टॉवर उठणार, सोमवारी पालिकेत सुनावणी. हरकत घ्यायला माणसं आली नाहीत तर गल्ली गेलीच म्हणून समजा. सकाळी ताईने मांडण्या गच्च भरल्या. दुपारी बघते तर सगळ्या रिकाम्या.

"एवढे वाचक कुठून उगवले रे?" तिने सलूनवाल्याला गाठलं. "आरसे पुसायला तूच नाही ना ढापलेस?"

"माझ्यावर कशाला डोळे वटारता, ताई? तुमच्याच ऑफिसची गाडी आली होती. तुमचा दीर घेऊन गेला."

ताईचं डोकं सणकलं. दिराला ती नोकरी तिनेच लावली होती. ऑफिसच्या मागच्या बाजूला तो गाडीत गठ्ठे रचताना सापडला.

"हे काय चाललंय, भावजी?"

"परतीचे अंक आहेत, वहिनी. ऑफिसने मागवलेत."

"परतीचे? विकायच्या पेपरचे उरलेले अंक परत जातात. फुकटच्या पेपरला परती कसली? हा शब्द तुमच्या तोंडात कुणी घातला?"

दीर टायरकडे बघत म्हणाला, "रेडिओवाल्या साहेबांनी. मैफलीचा खर्च टॉवरवाला करतोय ना. मी हुकमाचा माणूस, वहिनी."

"आणि राहता कुठे? माझ्या शेजारच्याच खोलीत ना? उद्या टॉवर झाला की संसार याच गाडीत थाटा. हॉर्न वाजवला की जाऊबाई चहा देतील."

त्याला हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्याने रचलेले गठ्ठे खाली उतरवले.

ताईने केबिनमध्ये जाऊन जाब विचारला, तेव्हा संपादकाने कानावर हात ठेवले. बातमी मीच छापली, मग मीच कशी उचलीन, म्हणाला. ताईला ते पटलं नाही. मलाही नाही.

मांडण्यांवर आता तिचा भरवसा उरलेला नाही. ती स्वतः घरोघर अंक देत फिरते आहे. गठ्ठे उचलायला दीर सोबत आहे, पण त्याला ती पुढे चालायला लावते, नजरेआड होऊ देत नाही. तुमचं दार वाजलं तर उघडा. अंक उभ्या उभ्या वाचा, शेजाऱ्याच्या हातात द्या, आणि सोमवारी त्यालाही घेऊन सुनावणीला या.